हिरव्या चकतीत सात काळे ठिपके: नाईट व्हिजन ठेवू की परत करू?

संत्री_काटोल

मंडळी, नमस्कार. राहायला नागपुरात, मानेवाड्याला. काटोलच्या अलीकडे वडिलांच्या वेळची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. मृगाचा थोडा माल अजून झाडावर आहे आणि रात्री रानडुकरं अन् रोही (नीलगाई) घुसून राहिले. डुक्कर संत्रं खातं कमी, नासधूस जास्त. ड्रिपच्या नळ्या उपसून ठेवतं. टॉर्च मारला की कळप बांधाआड, टॉर्च बंद केला की परत हजर. कुठून येतात तेच कळत नाही, म्हणून एका डोळ्याने पाहायचं नाईट व्हिजन घेतलं, सेकंडहँड. पक्षी पाहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचं होतं. नुसतं हातात धरून पाहायचं, बंदूक वगैरे काही नाही. किती मोजले ते इथं लिहीत नाही, घरचे हा धागा वाचतात.

न पटल्यास आठ दिवसांत परत घेतो म्हणाला. आज पाचवा दिवस आहे आणि मला झोप नाही, कारण डोळा लावला की गोल हिरव्या चकतीत सात काळे ठिपके दिसतात. सहा बारीक आहेत, मोहरीएवढे म्हणा. एक मधोमध तिळाएवढा, पण त्याच्या कडा जरा विरलेल्या. एकदा दिसले की दुसरं काही दिसतच नाही हो. कालच रोही समोर उभा होता अन् मी ठिपके मोजत होतो.

दुसरं, घराच्या पांढऱ्या भिंतीकडे बल्बच्या उजेडात पाहिलं की कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तशी जाळी दिसते. बागेत गेलं की ती जाळी गायब, पण तिथं साखर सांडल्यासारखी चमचम सुरू होते. शेजारच्या वावरातल्या खांबावरच्या दिव्याभोवती मोठं कडं दिसतं. आणि डाव्या अंगाला खालून चंद्रकोरीसारखा अंधार आहे, कधी जास्त, कधी कमी.

वरून तिसऱ्या दिवशी आमच्या चिरंजीवाने, दहावीची परीक्षा झाली आहे अन् रिकामा आहे, झाकण काढून ते चालू केलं आणि ट्यूबलाइटकडे रोखलं. दहा-पंधरा सेकंद. तेव्हापासून एक आडवी पुसट रेघही दिसते.

फसलो का मी? की असंच असतं? कुणी वापरलं असेल तर सांगा.

गॅजेट_गुरू_धंतोली

भाऊ, हे डेड पिक्सेल आहेत. सात म्हणजे पॅनेल गेलं. मोबाइल असता तर वॉरंटीत बदलून मिळाला असता. डोळे झाकून परत करा आणि डिजिटल घ्या. रेकॉर्डिंगही होतं.

निवृत्त_हवालदार_कामठी

पिक्सेल कुठून आणले राजेहो. दिव्याभोवती कडं, उजेडात जाळी, अंधारात चमचम, ही सगळी लक्षणं नळीची आहेत. डिजिटलमध्ये कॅमेऱ्यासारखा सेन्सर असतो, तिथं पिक्सेल मरतात. इथं निर्वात नळी आहे, पिक्सेल नावाची चीजच नाही.

मी फौजेत ईएमईत, म्हणजे यंत्रं-उपकरणं दुरुस्त करणाऱ्या दलात, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. बावीस वर्षं दुर्बिणी, कंपास, बंदुकीवरच्या नेमाच्या साइट दुरुस्त केल्या, त्यातली शेवटची नऊ रात्रीच्या उपकरणांवर. आता कामठीत नातवाची सायकल दुरुस्त करतो. नळी मी कधी उघडली नाही, ती उघडायची नसतेच. आत हवा गेली की कारभार आटोपला. आमचं काम एवढंच की बाहेरून पाहायचं अन् ही नळी ठेवायची की काढायची ते ठरवायचं. तेच तुम्हाला ठरवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुढच्या भिंगातून येणारा उजेड आधी फोटोकॅथोडवर पडतो. उजेडाने तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. पाव मिलिमीटरएवढी फट ओलांडून ते मायक्रोचॅनल प्लेटमध्ये शिरतात. ही प्लेट म्हणजे काचेची चकती, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तिला लाखो आरपार भोकं. एकेक भोक माणसाच्या केसाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढं. भोकं जरा तिरपी ठेवलेली असतात, म्हणून इलेक्ट्रॉन सरळ निघून जात नाही, भिंतीवर आपटतो आणि दर आपटीला आणखी काही इलेक्ट्रॉन सोबत घेतो. आत एक शिरला की बाहेर हजारोंची पलटण. ही पलटण फॉस्फरच्या पडद्यावर आदळते आणि पडदा हिरवा उजळतो. हिरवाच का, तर माणसाच्या डोळ्याला त्या रंगातले उजेड-अंधाराचे बारीक फरक चांगले कळतात. आता पांढऱ्या पडद्याच्या नळ्याही येतात. भिंगामुळे चित्र उलटं पडलेलं असतं. ते सुलटं करायला शेवटी काचतंतूंची जुडी १८० अंशांत पिळून बसवतात, ओला टॉवेल पिळावा तशी.

आता तुमची एकेक तक्रार या वाटेवर कुठं उगवते ते पाहा.

काळे ठिपके बहुतेक कारखान्यातूनच येतात. नळी बांधताना कुठं धुळीचा कण राहिला, प्लेटची चार भोकं बुजली, कॅथोडच्या थरात खोट राहिली, तर तेवढ्या जागी उजेड होत नाही. ते वाढत नाहीत आणि नळीचं आयुष्यही कमी करत नाहीत. नवीकोरी, चांगल्या कंपनीची नळीही ठिपक्यांसकट पास होते. तपासणारे चकतीवर एकात एक तीन वर्तुळं धरतात. मधल्या वर्तुळाला नियम कडक, बाहेरच्याला सैल. किती मोठा ठिपका कुठल्या वर्तुळात किती चालेल ते ठरलेलं असतं. विकणाऱ्याकडे नळीचा कागद असेल तर त्यावर हे आकडे सापडतील. मागून घ्या.

तिळाएवढ्या ठिपक्यावर मात्र माझा वेगळाच संशय आहे. नळीतला ठिपका डोळ्याकडचं भिंग नीट फोकस केलं की कोरीव दिसतो. कडा विरलेल्या आहेत म्हणता, म्हणजे तो बाहेरच्या काचेवर असावा. डोळ्याकडची रिंग हळूहळू फिरवा. ठिपका रिंगेबरोबर फिरला तर घाण आहे, जागेवर थांबला तर नळीचा.

जाळी काचतंतूंच्या जुड्या जिथं एकमेकींना चिकटवल्या असतात तिथली. षट्कोनी दिसली तर प्लेटच्या तुकड्यांच्या सांध्यांची. भरपूर उजेडात पुसट दिसणं आणि अंधारात नाहीशी होणं, हे ठीक. बागेतल्या काळोखातही जाळी समोर उभी राहिली असती तर मी नाक मुरडलं असतं.

चमचम हा दोष नाहीच. काळोख इतका की उजेड थेंबाथेंबाने येतो, आणि प्रत्येक थेंब तुम्हाला वेगळा दिसतो. पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब मोजता येतात, जोराची सर आली की नुसता आवाज. तसंच.

दिव्याभोवतीचं कडंही सगळ्या नळ्यांना असतं, कुणाला लहान, कुणाला मोठं. काही इलेक्ट्रॉन प्लेटच्या भोकात न शिरता दोन भोकांमधल्या काचेवर आपटतात, उसळतात आणि बाजूला कुठं तरी पडतात. तिथं खोटा उजेड होतो. कडं गोल आणि एकसारखं असेल तर विसरून जा.

पुसट रेघ. चिरंजीवांना माझा आशीर्वाद सांगा, पण आधी एक धपाटा. ट्यूबलाइटने नळी सहसा मरत नाही. जास्त उजेड आला की आतली व्यवस्था आपोआप प्रवाह कमी करते. पण एकाच तेजस्वी वस्तूकडे रोखून धरलं की तिचा डाग उठतो. हलका असेल तर काही तासांत, काही दिवसांत विरतो. गाडीचा हाय बीम, वेल्डिंग, लेझर आणि दुपारचा सूर्य यांचे डाग कायमचे राहू शकतात. आमच्याकडे एक पोरगा झाकण न लावता उपकरण ओट्यावर ठेवून जेवायला गेला होता. बटण चालूच. ऊन सरकत सरकत भिंगावर आलं, आणि चकतीत उन्हाच्या वाटेची वाकडी काळी रेघ कायमची उमटली.

राहिली चंद्रकोर. खरी काळजी मला तिचीच आहे, तुमचं लक्ष मात्र ठिपक्यांवर आहे. काठाकडून आत सरकणारा अंधार म्हणजे कॅथोड मरत असल्याची खूण असू शकते. नळीचं सील सुटलं, आत हवा शिरू लागली की असं होतं. त्यावर इलाज नाही. पण डोळा तिरका लागला तरीही अशीच कोर दिसते. चष्मा लावून पाहता का? कधी कमी, कधी जास्त म्हणता, त्यामुळे थोडी आशा आहे.

आज रात्री एवढं करा. कागदावर मोठा गोल काढून घड्याळासारखे आकडे लिहा आणि प्रत्येक ठिपका कुठल्या वाजण्याजवळ आहे ते मांडा. मग रिंग फिरवून पाहा. चंद्रकोरीसाठी डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. कोर डोळ्याबरोबर सरकली की दोष तुमच्या धरण्याचा, जागची हलली नाही तर उद्याच परत करा. वीजेच्या खांबाकडेही पाहा. सरळ खांब मधेच मोडल्यासारखा किंवा एस अक्षरासारखा दिसतो का? तंतूंची जुडी नीट पिळली नसली की तसं होतं. थोडं चालतं.

आणि शेवटी, झाकण लावून पाहा. हे कुणी करत नाही. न्हाणीत जा, दिवा बंद, दाराखालच्या फटीला टॉवेल. भिंगावर झाकण, उपकरण चालू, दोन मिनिटं थांबून डोळा लावा. काय दिसतं ते इथं लिहा. मी आधी सांगत नाही. सांगितलं की माणसाला तेच दिसतं.

आणखी एक. वस्तूवरचा नंबर खोडलेला असेल किंवा फौजेचा शिक्का असेल तर बाकी काही तपासू नका, हातच लावू नका. सरकारी माल निघाला तर ठिपके मोजायला वेगळ्या जागी बसावं लागेल.

घुबडताई

हवालदार काकांनी छान सांगितलं. मी धरमपेठेत राहते, गेली सहा-सात वर्षं घुबडांच्या मागे आहे. माझी चूक सांगते, तुमच्या उपयोगी पडेल.

पहिल्यांदा घेताना माझ्यासमोर दोन उपकरणं होती. एकात पाच ठिपके, दुसरं आरशासारखं स्वच्छ. मी दोन्ही आमच्या गच्चीवरून पाहिली आणि अर्थातच स्वच्छवालं घेतलं. विकणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गच्चीवरून समोरच्या कडुलिंबातला पिंगळा इतका सुंदर दिसला की मी पैसे देऊन टाकले.

मग अमावास्येला पेंचच्या जंगलात, सिल्लारीला गेलो. पेंचला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, देशातलं पहिलं. तिथला अंधार म्हणजे अंधार असतो, शहरातल्यासारखा करडा नाही. मुक्कामाच्या आवारातून समोरच्या झाडांकडे पाहिलं आणि चकतीत नुसता रवा उकळत होता. फांदी कुठली, पान कुठलं, काही कळेना. घुबड समोरून ओरडत होतं, दिसलं नाही ते नाहीच. सोबतच्या मित्राकडे जुनं, आठ-नऊ ठिपक्यांचं उपकरण होतं. त्यातून त्याला घुबडाची मान वळलेली दिसत होती. मला त्याने दोन मिनिटं दिलं. त्या दोन मिनिटांत मला एकही ठिपका दिसला नाही, घुबड दिसलं.

नंतर दोघांचे कागद शेजारी ठेवले तेव्हा कळलं. रेझोल्यूशन दोन्हीचं सारखंच, ६४. म्हणजे नळीच्या एका मिलिमीटरात काळ्या-पांढऱ्या रेघांच्या ६४ जोड्या वेगळ्या ओळखता येतात. पण हा आकडा भरपूर उजेडातला असतो. काळोखात कामाला येतो तो सिग्नल-टू-नॉइजचा, म्हणजे चमचमीपेक्षा चित्र किती पट ठळक ते सांगणारा आकडा. त्याचा २५ होता, माझा १६. तेव्हापासून मी आधी तो आकडा विचारते. हल्ली दोघांचा गुणाकार करून फिगर ऑफ मेरिट सांगतात, म्हणजे त्याची नळी १६००, माझी १०२४. त्या गुणाकारात ठिपक्यांना काहीही जागा नाही, हेही लक्षात ठेवा.

म्हणून मानेवाड्यातून तपासू नका. शहराच्या आभाळात एवढा उजेड असतो की मरणपंथाला लागलेली नळीही गोड दिसते. काटोलला, चांदणं नसताना, बागेच्या मधोमध उभं राहून पाहा.

उन्हाळ्याचंही ऐका. कॅथोड गरम झाला की उजेड नसतानाही त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि चकतीवर हलकी साय चढते. कागदावर त्याला ईबीआय म्हणतात. डिसेंबरात सिल्लारीला जे उपकरण काळंभोर अंधार दाखवतं, तेच नवतपात आमच्या गच्चीवर धुकं पडल्यासारखं दिसतं. मी मे महिन्यात ते कूलरच्या खोलीत ठेवते आणि निघायच्या वेळी पिशवीत घालते. गाडीच्या डॅशबोर्डवर चुकूनही नाही. आता एप्रिल लागलाय, तेव्हा तुमच्याकडे थोडी साय दिसली तर लगेच घाबरू नका.

गॅजेट_गुरू_धंतोली

बरं, नळी असेल तर माझं पिक्सेलचं मागे घेतो. पण डुकरांसाठी थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता पाहणारं उपकरण, का नाही? ठिपक्यांची भानगडच नाही.

निवृत्त_हवालदार_कामठी

भानगड आहे, वेगळी आहे. थर्मलच्या सेन्सरमध्ये खराब पिक्सेल असतातच, आतला प्रोग्राम शेजारच्यांवरून ती जागा भरून काढतो म्हणून दिसत नाहीत. मधूनमधून टक् आवाज येतो ना, तेव्हा आतलं शटर समोर येऊन सगळे पिक्सेल एका पातळीवर आणतं. डुक्कर शोधायला थर्मल उत्तम, थंडीत तर पेटलेल्या शेगडीसारखं दिसतं. पण एप्रिल-मेच्या संध्याकाळी आपल्याकडची जमीन अन् दगडच जनावराइतके तापलेले असतात. सगळं एकाच रंगाचं. पहाटेपर्यंत थांबावं लागतं. आणि तारेचं कुंपण कुठं तुटलं आहे ते नळीत सहसा लवकर दिसतं.

एका गोष्टीसाठी डिजिटलची तारीफ करीन. दुपारी चालू राहिलं तर नळीसारखं रडत नाही. पण गरम झालं की त्याचेही पांढरे पिक्सेल पेटतात, आणि खऱ्या काळोखात त्याला स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लागतोच.

पुणेरी_वाचक

थोडी अवांतर भर. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच नळ्या पुण्यातच बनतात, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस या उपकंपनीत. पुण्याची आहे म्हणून सांगत नाही. (म्हणूनच सांगतोय.)

निवृत्त_हवालदार_कामठी

पुण्याच्या नळ्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. चांगल्या असतात. ठिपके त्यांनाही असतात.

संत्री_काटोल

काल रात्री बागेत होतो, अडीच वाजता घरी आलो. सगळं केलं. क्रमाने सांगतो.

काका, तिळाएवढा ठिपका रिंगेबरोबर फिरला! एक मोहरीही फिरली. सकाळी उजेडात डोळ्याकडची काच पाहिली तर निळसर वाळलेले थेंब. बोर्डो मिश्रण. फवारणीच्या दिवशी मीच ती पिशवी पंपाशेजारी ठेवली होती. दोष विकणाऱ्याचा नाही, माझा. शर्टाने पुसणार होतो, बायको ओरडली. मग तिच्या चष्म्याचं कापड आणि फुंकणी वापरली. गेले दोन्ही थेंब.

उरले पाच. कागद मागवला होता, त्याने फोटो पाठवला. मधल्या वर्तुळात शून्य, दुसऱ्यात दोन, बाहेरच्यात तीन. माझ्या घड्याळाच्या चित्राशी जुळलं. रेझोल्यूशन ६४ आणि घुबडताईंचा आकडा २१.

चंद्रकोर डोळ्याबरोबर सरकते. चष्मा काढला, रबरी कप डोळ्याला नीट टेकवला, तर पूर्ण गोल दिसतो. पाच दिवस मी चष्म्यावरून पाहत होतो. खांब सरळ आहे. ट्यूबलाइटची रेघ आता शोधावी लागते.

आता न्हाणी. आई बाहेरून दार वाजवत होती, आत अंधारात काय करतो म्हणून. पहिल्या मिनिटाला काहीच नाही, काळं. मग हलकी हिरवी साय, त्यात बारीक वळवळ. ती ताईंनी सांगितलेली गरमीची असावी. पण चार वाजण्याच्या जागी एक ठिपका आहे, काळा नाही, उजळ. टाचणीच्या डोक्याएवढा. झाकण लावलेलं असूनही जळतो. मधेच फिका होतो, परत पेटतो. उपकरण हातात फिरवलं, रिंग फिरवली, तो हलत नाही. बागेत हा कधी दिसला नव्हता. दिसला असेल तर काजवा समजून सोडून दिला असेल.

हे काय आहे?

निवृत्त_हवालदार_कामठी

यासाठीच सांगितलं नव्हतं.

झाकण लावलं म्हणजे बाहेरून उजेड नाही. तरी एका जागी पडदा पेटतो, म्हणजे आतच कुठून तरी इलेक्ट्रॉन सुटून राहिले. कॅथोडवर किंवा प्लेटवर एखादं टोक, एखादी खोट असते, तिथं विजेचा दाब एकवटतो आणि गळती लागते. एमिशन पॉइंट म्हणतात त्याला. झाकण लावल्यावर विझला असता तर बाहेरच्या उजेडाचा प्रताप म्हणून सोडलं असतं. हा विझत नाही आणि वरून लुकलुकतो. आमच्याकडे तपासणीत अशी नळी बाजूला जायची. पाच काळे असलेली जायची नाही.

वर्षानुवर्षं तसाच राहील किंवा वाढेल, दोन्ही पाहिलं आहे मी. एकदा नवी बॅटरी घालून परत पाहा. लुकलुक बॅटरीच्या सैल कॉन्टॅक्टचीही असते, पण तेव्हा सगळी चकती लुकलुकते, एक ठिपका नाही. आणि दुपारी तापलेल्या खोलीत एकदा, पहाटे एकदा, असं झाकण लावून पाहा. गरमीत मोठा आणि तेज होत असेल तर मे महिन्यात तो तुम्हाला बागेतही दिसेल.

विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. झाकण लावून पाहणारा माणूस मला फौजेबाहेर क्वचितच भेटला.

घुबडताई

२१ आकडा वाईट नाही हो, त्या ठिपक्याचं तेवढं वाईट वाटलं. काका, किंमत कमी केली तर ठेवावं का त्यांनी?

निवृत्त_हवालदार_कामठी

माझे पैसे असते तर नाही. त्यांच्या डुकरांना चालेल. किंमत त्यांनी आपल्याला सांगितलेली नाही, म्हणून पुढचं बोलत नाही.

संत्री_काटोल

उशिरा लिहितोय, माफ करा. बॅटरी बदलली, फरक नाही. दुपारी वरच्या खोलीत तो ठिपका हरभऱ्याएवढा झाला, पहाटे पुन्हा टाचणी. विकणाऱ्याला फोन केला. त्याला वाटलं मी काळ्या ठिपक्यांची कटकट करणार, ऐकायच्या आधीच कागद-कागद करायला लागला. मग म्हटलं, झाकण लावून कधी पाहिलं होतं का? गप्पच झाला. किमतीत चौथाई सोडतो म्हणाला. मी रात्रभर विचार केला आणि परत करतो म्हणून सांगितलं. भला माणूस, हो म्हणाला. आठव्या दिवशी सकाळी कुरियरने पाठवलं, झाकण लावून, बॅटरी काढून.

पण सातव्या रात्री ते माझ्याचकडे होतं ना. चष्मा खिशात, कप डोळ्याला, बाराच्या सुमारास मोटरघराच्या छतावर बसलो. पावणेदोनला आली. अकरा मोजली, त्यातली चार पिलं. ठिपके तिथंच असतील, मी पाहिले नाहीत. मी आजवर पूर्वेच्या बांधाला तार मारत होतो. ती येतात पश्चिमेच्या नाल्यातून, रस्त्याच्या पुलियाखालून, एकामागोमाग एक, शाळेची पोरं निघावीत तशी. तिथं कुंपणाची खालची तार कुणीतरी वर वाकवून ठेवली आहे. दिवसा तिथून मी शंभरदा गेलो असेन.

सकाळी गड्याला घेऊन तार खाली ओढून खुंटे ठोकले आणि बाभळीच्या काट्या टाकल्या. दोन रात्री झाल्या, ड्रिप शाबूत आहे. रोही मात्र कुंपणावरून उडी मारतो, त्याचं काय करायचं ते वेगळ्या धाग्यात विचारतो.

काका, पुढच्या वेळी घ्यायच्या आधी वस्तू घेऊन कामठीला येऊ का? न्हाणी तुमची वापरू.